न शिवता साठवायचं

आई, आज विद्यापीठातून दुपारीच घरी आले आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून हे लिहितेय. मी काय काम करते ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची मुलगी आकाशातलं काहीतरी मोजते," असं तू अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात सांगत फिरायचीस. आता ऐक. आपण, ही भिंत, गंगेचं पाणी ज्याचं बनलंय, त्याच्या नेमकं उलट असं एक द्रव्य असतं, प्रतिद्रव्य. ग्रहांच्या चुंबकी पकडीत त्याचे कण आपोआप अडकून पडतात, पृथ्वीपाशी थोडे, शनीपाशी जास्त. ते यानाने गोळा करायचे आणि त्यांच्याच जोरावर आणखी दूर जायचं, याचं गणित मी इतकी वर्षं मांडतेय. शनीचं नाव ऐकून तू आधी मारुतीला तेल घालून आली असतीस.

अडचण एवढीच, की त्याला कशाचाही स्पर्श चालत नाही. भांड्याला लागलं की तेही गेलं आणि भांडंही, उरते नुसती आग. म्हणून ते चुंबकाने अधांतरी धरायचं. विद्यार्थ्यांना हे समजावताना मला तूच दिसतेस. आजोबांचं श्राद्ध आहे, तू सोवळ्यात चुलीपुढे, मी इथेच बाहेर भुकेने कुरकुरतेय. "लांबून गं! शिवलीस तर सगळं बेकार होईल," म्हणत तू वरून गुळाचा खडा सोडतेस आणि मी तो ओंजळीत झेलते. त्यानंतर मी मोरीत घसरले, कपाळ फुटलं, आणि तू पळत येऊन मला छातीशी धरलंस. बाबा कडाडले, "ब्राह्मण यायची वेळ झाली आणि सोवळं मोडलंस?" तू म्हणालीस, "मोडू दे. स्वयंपाक पुन्हा होतो." मग पुन्हा अंघोळ, पुन्हा चूल. ब्राह्मण ताटकळले, बाबा दिवसभर फुगून बसले होते.

गेल्या आठवड्यात आमच्या कामाला पैसा देणारे साहेब आले होते. चहा पिता पिता हसून म्हणाले, "मॅडम, यान छोड़िए. ये किसी शहर के ऊपर छूट जाए, तो?" त्याचंही गणित करून द्या, नाहीतर काम बंद, असं बजावून गेले. मी सहज करून पाहिलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं सुटलं, तरी आपल्या काशीतलं मंगला गौरीचं देऊळ, अहिल्याबाई घाट, हा उंबरा, काही राहणार नाही. तेवढं साठवायला पिढ्या जातील, अशी मी मनाची समजूत घालते. पण भीती वाटते, आई. साठवायची रीत तर मीच शिकवतेय ना.

तू म्हणाली असतीस, टाकून दे, पुन्हा होतं. स्वयंपाक होतो गं. माझे केस पिकले, पुन्हा पहिल्यापासून मांडायला आता आयुष्य कुठून आणू? या कामावर माझा जीव आहे, तो सुटत नाही. तुझ्या फोटोपुढे उभं राहून हे बोलले नसते, म्हणून लिहिलं.

सकाळी मी त्या साहेबांना हो म्हणून आले. तेव्हापासून तहान लागलीय, पाण्याचा माठ आत समोर दिसतोय, पण तुझा उंबरा ओलांडलेला नाही.