पडद्याच्या कडेला

ती. शिवराजअण्णास, शिल्पाचा नमस्कार.

पत्ता नसताना लिहितेय, म्हणजे हे माझ्याजवळच राहणार.

तुझा किल्ल्याचा जुना गेम परत चालू केला. नव्या मॉनिटरवर तो मधोमध आखडून बसायचा, दोन्ही बाजूंना नुसतं काळं. कुणा हौशी लोकांनी बनवलेला पॅच टाकला, तेव्हा चित्र काठोकाठ भरलं.

शेवटी बापाशी भांडून थोरला राजपुत्र पडद्याबाहेर निघून जातो, आठवतं? तू दरवेळी म्हणायचास, "गया बिचारा." अण्णा, तो जातच नाही. जुन्या पडद्याच्या कडेपलीकडे, दोन पावलांवर, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. तिथवर कोण बघणार, असं बनवणाऱ्यांना वाटलं असेल. आता रुंद पडद्यावर तो दिसतो.

आई शेजारीच होती. म्हणाली, "हा तर इथंच आहे की. हाक मार त्याला." मी क्लिक करत राहिले. तो वळला नाही.

तू बापूंशी भांडून गेलास तेव्हापासून तुझा फोन लागत नाही. आज कोपऱ्यावरचे रफीकभाई म्हणाले, "शिवराज को देखा ना मैं, चिक्कडपल्ली में." कधी विचारलं, तर म्हणाले, "परसों."

हैदराबादचं परसों. परवाचा दिवस असेल, नाहीतर चार वर्षांपूर्वीचा. कितीदा खोदून विचारलं, ते परसोंच म्हणत राहिले.

आई जन्मानं इथलीच, तिलाही हे कळतं. तरी ती चप्पल घालून दारात उभी आहे. तिला काय सांगू?

तुझी,
शिल्पा