लेकीचं न घेण्याच्या रीतीला एक अपवाद

मी, राखी जगदेव इढोळे, वय सत्तावीस, राहणार किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, धंदा खासगी शिकवणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही. उलट घरातल्या सगळ्यांनी नको म्हटल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. झोप कमी झाली आहे, पण त्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, हे मी वकिलांना विचारून घेतलं आहे.

पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या यकृताचा मोठा हिस्सा काढून माझे वडील जगदेव यांना बसवणार आहेत. त्यांचं यकृत जुन्या काविळीने निकामी झालं. त्यांनी दारूला कधी हात लावला नाही. गावात कोणी वेगळं सांगत असेल तर त्याला हा कागद दाखवावा.

मी परत येईन, अशी माझी खात्री आहे, आणि ती ऐकीव नाही. शेलूबाजारला मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. यकृताच्या पेशी एरवी विभाजनाच्या चक्राबाहेर शांत बसून असतात. यकृत कापलं की त्या चक्रात परत येतात: वाढतात, डीएनएची प्रत काढतात, ती तपासतात आणि मगच दुभागतात. कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग वाढून भरपाई करतो. प्रतीत चूक सापडली तर दुरुस्ती होईपर्यंत पेशी पुढे जात नाही. मी कुलूप लावून पुन्हा ओढून पाहते तर घरात हसतात. पेशीला कोणी हसत नाही.

तरीही मी परत आले नाही, तर माझ्या माघारी जे राहील ते असं वाटून द्यावं.

कलम एक. बँकेतली रक्कम आणि कानातले आई सोजरबाई हिला. त्यातून तिने आधी स्वतःचे दात बसवून घ्यावेत. माझ्या नावाचं गावजेवण घालू नये.

कलम दोन. मायक्रोस्कोप आणि स्लाइडची पेटी चुलत बहीण पौर्णिमा हिला. तिची आई, म्हणजे माझी लिलाबाई काकू, भर अंगणात मला म्हणाली होती, "पोटावर एवढा मोठा टाका घेतल्यावर कोन बायको करन वं तुले? बापाचं झालं जगून, तुह्यं तं समदं रायलं अजून." बाबा आत खाटेवर ऐकत होते. म्हणून अट घालते: पौर्णिमाने काकूला कांद्याच्या मुळाचं टोक त्यातून दाखवावं, आणि दुभागणारी पेशी दिसेपर्यंत उठू देऊ नये.

कलम तीन. बाबांनी आधी साफ नकार दिला होता, हे इथे नोंदवते. आमच्या घरात लेकीच्या सासरचं पाणीही घेत नाहीत. "लेकीचं घेऊ नाही, अन् तू तं लिव्हर देऊन राह्यली," ते म्हणाले. मी अंबाडीचा दोर घेऊन त्यांच्यापाशी बसले. माझं पहिलं शिक्षण घरातलंच. अक्षरं आईने शिकवली आणि दोर बाबांनी. जुना दोर उकलून एकेका पदराला नवा पदर वळायचा, एकाचे दोन करायचे, ही त्यांची पद्धत. डीएनएची प्रत अशीच निघते, हे मी त्यांना सांगितलं. वर हेही सांगितलं, की माझ्या पेशीतलं अर्धं तुमच्याकडूनच आलंय.

"म्हंजे तो जुना पदर माहा?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ते चूक होतं. मी म्हटलं, "नाही बाबा. तुमचा पदर पहिल्या पेशीत होता. नंतर प्रतींवर प्रती निघाल्या. मजकूर तुमचा, पण धागा मी खाल्लेल्या अन्नाचा."

बाबांनी दोराचा एक पदर उकलून पाहिला. मग म्हणाले, "अन् अन्न कोन्या वावरातलं व्हतं वं?"

आई हसली तशी मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी संमतीवर सही केली.

कलम चार. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी टेबलावरून उठले नाही, तर बाबांनी लेकीला खाल्लं असं कोणी म्हणू नये, आणि बाबांनी स्वतःही म्हणू नये. दिलेला हिस्सा मरेपर्यंत गोळ्या मागतो. दुःखात त्या सोडल्या तर माझ्यामागे येता येईल, असा विचार त्यांच्या डोक्यात येईल. मी त्यांना ओळखते. त्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या आहेत.

हे त्यांनी वाचलंच नाही असं व्हायला नको, म्हणून साक्षीदार तेच हवेत. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्राने काही मिळतं त्याने साक्षीदार न झालेलं बरं. त्यामुळे बाबांना या कागदाने मी काहीही ठेवलेलं नाही. यकृत मी जिवंतपणी देत आहे. ते यात मोजायचं नाही.

"मले काहीच नाही ठेवलं?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग आन इकडं पेन."

ठिकाण: किन्हीराजा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: राखी जगदेव इढोळे (सही)

आम्हा दोघांसमक्ष राखीने सही केली आणि आम्ही सगळी कलमं वाचली:

१. वैजयंती राऊत, शिक्षिका, शेलूबाजार (सही)

२. जगदेव इढोळे, वडील (सही). कलम चार दोनदा वाचलं.