परस्पर माफी

३ मार्च, रविवार, दुपारी
आज चर्चमध्ये कात्री साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभा राहिला. कात्री म्हणजे माझा माजी भागीदार. खरं नाव लिहून वही खराब करत नाही. अकरा वर्षं एकाच टेबलावर काम केलं. तो कापायचा, मी शिवायचो. दोन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकांच्या मापांची वही उचलून गेला आणि समोरच्याच फुटपाथवर दुकान थाटलं. आज म्हणतो, मी पापी होतो, येशूवर विश्वास ठेवला आणि देवाने मला जसा आहे तसा स्वीकारला. लोकांचे डोळे ओले. माझी बायकोसुद्धा रुमाल शोधत होती.
घात माझा केला आणि माफी परस्पर वरून! मला कोणी विचारलं?

४ मार्च, सोमवार
राग ओसरला. मी मुळात क्षमाशील माणूस. ठरवलं: तो माफी मागायला आला की पाच मिनिटं उभं ठेवायचं, मग माफ करायचं. वाक्य तयार आहे. जा, माझ्या मनात काही नाही. ट्रायल रूमच्या आरशात प्रॅक्टिस केली. चेहरा अजून थोडा मऊ हवा.

७ मार्च, गुरुवार
आला नाही. मध्ये फक्त रस्ता आहे, बारा पावलं. कामात असेल. माझ्याच गिऱ्हाइकांच्या.
आमच्या चर्चचे पाळकसाहेब पँट आखूड करायला आले. सहज विषय काढला, कोणाचं नाव न घेता. म्हणाले, देव आपल्याला कामांमुळे नाही, विश्वासामुळे स्वीकारतो. कृपा फुकट असते. फुकट? मग सव्वीस वर्षं सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये जाऊन खुर्च्या कोण मांडतंय? क्वायरचे झगे कोणी शिवले? आम्ही शिंपी कापडसुद्धा जसं आहे तसं घेत नाही, आधी भिजवून आटवून आणा म्हणतो. त्यांनी विचारलं, देवाने तुम्हाला स्वीकारलंय याची खात्री आहे ना? शंभर टक्के, म्हटलं.
पँट दोन इंच जास्त कापली गेली.

१० मार्च, रविवार
निषेध म्हणून खुर्च्या मांडल्या नाहीत. मुद्दाम उशिरा गेलो. खुर्च्या मांडलेल्या होत्या. कात्रीने. वर मला जागाही त्यानेच दाखवली.
त्याने पाठीत वार केला ते पचवलं. देवही त्याच्याच बाजूचा निघाला, हे पचत नाही. इतकी वर्षं ज्याच्या दारात राबलो त्याने असं करावं?

१३ मार्च, बुधवार, सकाळी
कात्री आला! हातात मापांची वही. म्हणाला, चुकलो, तुझा विश्वासघात केला, जमलं तर माफ कर. रडत होता. वाक्य अगदी ओठांवर होतं. पण तोंडातून निघालं, तुला वरून मिळालीय ना माफी, मग खाली काय काम आहे?
वही ठेवून गेला. उद्या बोलावून घेईन. आज मूड नव्हता. बायको तेव्हापासून बोलत नाही. डोकं दुखत असेल.

१५ मार्च, शुक्रवार
बोलावलं नाही. घाई कसली. रविवारी मीच साक्ष देणार. लोकांना दुसरी बाजूही कळली पाहिजे. चार पानं झाली, एकदम फर्स्ट क्लास. बायकोला वाचून दाखवतो म्हटलं तर तिला अचानक भांडी आठवली.

१७ मार्च, रविवार, दुपारी
साक्ष दिली. खुर्च्या, झगे, घात, सगळं. कोणी रुमाल काढला नाही. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, बरं, आणि देवाने तुमच्यासाठी काय केलं? मी पान उलटलं. मागची बाजू कोरी. खाली बसलो. कात्री माझ्याकडे बघत होता. हसला असता तरी चाललं असतं, पण त्याचे डोळे भरले होते.
घरी आल्यापासून भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. साक्षीत देव नव्हता असं कसं होईल? चारही पानं पुन्हा वाचली, ओळीवर बोट ठेवून. सापडला. एकदाच, तिसऱ्या पानावर, खालून दुसरी ओळ: 'कात्री माझ्याशी असा का वागला, देव जाणे.'