सुनेची चिठ्ठी आणि घासणारं दार

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, धंदा सुतारकी, सध्या मुक्काम वृद्धाश्रम, खोली सात, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, फक्त हात कापतात. कुणीही माझ्यावर दडपण आणलेलं नाही, आणून बघावं.

१. राहतं घर मुलाला, बँकेतली शिल्लक मुलीला. दोघांनी भांडू नये. भांडलेच तर मी ऐकायला नसेन.

२. करवती, पटाशा धाकट्या भावाला. मोठा रंधा त्याने बावीस वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेला, तोही आता त्याचाच समजावा.

३. माझ्या शेजारच्या खाटेवर मास्तर होते. नळ्या नकोत, असं मला रोज सांगायचे, पण कागदावर काही नव्हतं. त्यांचा मुलगा परगावाहून फोनवर म्हणाला, सगळे उपचार करा. शेवटचे एकोणीस दिवस मास्तरांचे हात खाटेला बांधलेले होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. त्याची लाज वाटते.

त्यानंतर इथल्या मोठ्या सिस्टरने नियम केला की माणूस शुद्धीत असतानाच त्याला विचारायचं. माझी इच्छा तिने लिहून घेतली. मग घरच्यांना बोलावून वेगवेगळ्या चिठ्ठ्या दिल्या: यांना शेवटी काय हवं असेल, ते एकमेकांना न विचारता लिहा. मुलाने लिहिलं, सगळे उपचार. मुलीने लिहिलं, दादा ठरवेल. सुनेने लिहिलं, "नळ्या नकोत. दुखणं थांबवा. खाट खिडकीशी घ्या. मला मात्र ते खोलीबाहेर घालवतील."

पहिली तीन वाक्यं बरोबर. चौथंही तोवर बरोबर होतं.

४. मला बोलता येईनासं झालं तर निर्णय सून घेईल. वकील म्हणाले, हे मृत्युपत्रात बसत नाही. म्हणून वेगळा कागद करून सिस्टरकडे दिला आहे. मुलाला राग येईल असं वाटलं होतं. तो माझ्या खाटेवर बसून रडला आणि म्हणाला, "बाबा, माझ्याच्याने नसतं झालं." ऐकून माझाच जीव भांड्यात पडला. तेव्हापासून दोन घास जास्त जातात.

५. मी केलेलं कपाट सुनेला. नवी नवरी असताना चार पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, "बाबा, दार घासतंय." त्यावरून मी अकरा वर्षं तिच्याशी धड बोललो नाही. भावाने रंधा आणून दार तासून द्यावं. ते घासतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वाचून, समजून, सकाळच्या चहानंतर सही केली.

साक्षीदार: १. मोठी सिस्टर (सही) २. आश्रमाचा न्हावी (सही)
स्थळ: खोली सात, खिडकीजवळ
दिनांक: ४ मार्च