रिकाम्या झोळीचं वजन

४ मार्च

आज अंगणवाडीत भंगारवाली पुन्हा भांडून गेली! भंगाराच्या दुकानात माल निवडते ती. तिची पोरगी चौदा महिन्यांची, आम्ही सगळे चिमणीच म्हणतो. काट्यावर सहा किलो आठशे. तक्त्यावर या वयाची लाल रेषा सहा सहाशेला, त्याखालचं पोर अतिकुपोषित. म्हणजे चिमणी पिवळ्यात. आणि दवाखान्याच्या वॉर्डात खाऊपिऊ घालून पोरं उभी करतात ती फक्त लालमधली. भरतीची चिठ्ठी द्यायची मी. कशी देणार?

"ताई, रोज कडेवर मी घेते. हलकी झालीय. मला कळत नाही का?"

"बाई, काटा खोटं बोलत नाही," मी म्हणाले. तोऱ्यातच म्हणाले. दंडाचा घेर मोजायची पट्टी असती तर तीही लावून दाखवली असती, पण ती वर्षभर आलेलीच नाही.

५ मार्च

अठरा वजनं, सात लशी. पायांचे तुकडे पडलेत. झोपते.

९ मार्च

केंद्रांवर देखरेख करणाऱ्या मॅडमची महिन्याची फेरी. त्रेचाळीस पोरांत फक्त दोन लाल! दीड वर्षापूर्वी अकरा होती. मॅडमनी दोनदा रजिस्टर चाळलं. "तुझं केंद्र इतरांनी येऊन बघायला हवं." मी आपली खाली मान घालून उभी, पण आतून फुगलेली.

पोर काट्याला टांगायच्या झोळीचंही कौतुक केलं. जुनी प्लास्टिकची फाटली होती, एक पोर पडता पडता वाचलं. तेव्हा मीच गादीच्या जाड कापडाची शिवली. दुहेरी, बुडाला कापूस, वर लोखंडी कडी. तेव्हापासून पोरं वजनाला रडत नाहीत.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "जगाच्या पोरांना गाद्या शिव. माझी उशी चार महिने उसवलेली आहे, तिच्याकडे बघू नकोस!"

१२ मार्च

लिहायला मन धजत नाही. पण लिहिणार.

भंगारवाली चिमणीला घेऊन आली. पोरगी रडत नव्हती, हसत नव्हती, माशी बसली तरी हलत नव्हती. ते काही मला बरं वाटलं नाही. वजन सहा सातशे. तरी रेषेच्या वरच!

भंगारवाली झोळी हातात घेऊन बघत राहिली. "आमच्याकडे आधी रिकामं पोतं तोलतात. ते वजा केल्याशिवाय मालक पैसे देत नाही. ही तोलली होती का तुम्ही?"

मला हसू आलं. रोज सकाळी काटा शून्यावर आहे का ते बघतेच की! पण बघते ते नुसता हुक असताना. मूल आधी झोळीत, मग झोळी हुकावर. रिकामी झोळी अशी कधी टांगलीच नव्हती. टांगली.

चारशे ग्रॅम.

प्रशिक्षणात शिकवलं होतं, रिकामी झोळी अडकवा आणि मग स्क्रू फिरवून शून्य करा. जुनी झोळी कागदासारखी हलकी, म्हणून मी ते सोडून दिलं. नवी आली तरी सवय तीच. चौदा महिने! चौदा महिने मी प्रत्येक पोराला चारशे ग्रॅम फुकट वाढवले.

चिमणी सहा तीनशे. लालच्याही खूप खाली. तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली. भंगारवालीने ती ओढून घेतली आणि पळाली.

१३ मार्च

लाज वाटते. पण लाज कुरवाळत बसायला वेळ नाही. काटा खांद्यावर घेऊन घरोघर निघाले. कुठे चौकटीला टांगला, कुठे जिन्याच्या कठड्याला. आज चौदा झाली.

१६ मार्च

एकेचाळीस पोरं मोजून झाली. लाल नऊ! सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या.

एक आई म्हणाली, "गेल्या महिन्यात तर शाबासकी दिलीत?" मी म्हणाले, "चूक माझी होती." हे वाक्य प्रत्येक दारात. वाटलं होतं, दहाव्या दारापर्यंत सोपं होईल. नाही झालं.

दोन घरांना कुलूप. कामासाठी गाव सोडून गेलीत, कुठे ते शेजाऱ्यांनाही माहीत नाही. त्या दोघांचं काय, ते मी कुणाला विचारू?

१७ मार्च

मॅडमना सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं. रंग उडाला तोंडाचा.

"अहवाल वर गेलाय. पुढच्या महिन्यात दोन वाढव, मग तीन. हळूहळू जमेल. बोभाटा करू नकोस."

"आणि पोरांना काय सांगू? हळूहळू उपाशी राहा म्हणून?"

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे!"

म्हणाले खरी, पण जिना उतरताना पगाराचा हिशेब करत होते.

१८ मार्च

मुख्य कार्यालयाला पत्र टाकलं. वाटलं होतं, सासूबाई कान उपटतील. तर म्हणाल्या, "घर काय तुझ्या एकटीच्या पगारावर चाललंय? टाक." आणि स्वतः पोस्टापर्यंत आल्या, मी मध्येच परत फिरेन म्हणून!

२१ मार्च

वॉर्डात गेले. चिमणीला ताप, नाकात नळी. सहा दोनशे. नर्स म्हणाली, आठवडाभर उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

भंगारवालीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सरकून जागा केली. "बसा ताई. चालून आलात."

२३ मार्च

पत्राचं उत्तर नाही. मी काही थांबलेली नाही. नऊपैकी दोघांना घरचे पाठवेनात. रोज जाते. आज एकाला घेऊनच गेले.

२६ मार्च

सहा पाचशे!! नळी काढली. चमचा तोंडाशी नेला तर पोरीने तो फेकून दिला. चांगला लांब फेकला. नर्स ओरडली आणि आम्ही दोघी येड्यासारख्या हसत होतो.

२८ मार्च

मॅडम आल्या. वाटलं, हातात काढून टाकल्याचा कागद असेल. हातात पोतं होतं. टेबलावर ओतलं — दहा झोळ्या. गादीचं कापड, बुडाला कापूस, लोखंडी कडी.

"गेल्या वर्षी तुझी बघून शिंप्याकडून शिवून घेतल्या. इतर दहाही केंद्रांना वाटल्या. वर माझीच कल्पना म्हणून सांगितलं. आज परत गोळा करून आणल्या."

एकेक टांगली. चारशे. चारशे. साडेचारशे. चारशे. पाचवीनंतर मॅडमना बघवेना, खुर्चीत बसल्या. मी दहाही टांगल्या.

"तुझ्या पत्रात एकच केंद्र आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं पत्र लिही. अकरा केंद्रं लिही. पहिली सही मी करते."