उत्तर न देणारं मशीन

आई, संप लांबत गेला, गिरणी काही उघडेना, तेव्हा बाबा सुरतेला पॉवरलूमवर गेले. डिलाईल रोडच्या आपल्या खोलीवर सुरुवातीला त्यांची कार्डं यायची, मग यायची थांबली. मामा शोधायला जाऊन आला. ती शेडच बंद झाली होती, कामगार कुठे कुठे पांगले होते. दारातच उभा राहून तो म्हणाला, "ताई, आता गेले असं धरून चाल." तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तेंका कोणी बघितल्यान? नाय मां? मगे मी कशाक तसा धरू?" त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. तू लोकांचे डबे केलेस, मला शिकवलंस आणि रोज सकाळी आरशासमोर कुंकू लावत राहिलीस.

मी नोकरीला लागले, त्यानंतरचा एक रविवार. तू मोरीपाशी बांगडे साफ करतेयस आणि विचारतेयस, "तू करतस तरी काय गो थंय?" मी सांगतेय. रक्तपेढ्यांची मशीनं गावोगावी आहेत. कुठली पिशवी कुणासाठी राखायची, ते त्यांनी आपसात निरोप धाडून ठरवायचं. एकच पिशवी दोघांना कबूल केली जाता कामा नये. प्रोग्राम लिहिण्याआधी मी हे नियम गणितासारख्या एका भाषेत मांडते. मग कॉम्प्युटर सगळ्या शक्यता तपासून बघतो. निरोप उशिरा पोचला तर, हरवला तर, मशीन मध्येच बंद पडलं तर.

"आणि एकान जाब देऊकच नाय तर?"

"थोडं थांबायचं आणि बंद पडलं असं धरायचं. त्याचं काम दुसऱ्याला द्यायचं."

मी बोलून गेले आणि तुझी सुरी थांबली. नळ तसाच वाहत होता.

"मागसून इला तर?"

"येतं कधी कधी. मेलंय की नुसता उशीर करतंय, हे लांबून कुणालाच कळत नाही, आई. आलं की आधी त्याला सांगायचं, मधल्या काळात काय काय झालं ते."

"पण परत घेतत मां तेका?"

"घेतात."

तू मान हलवलीस आणि पुढचा बांगडा उचललास.

तू गेलीस त्या सकाळी चाळीतल्या बायका जमल्या. शेजारच्या काकींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाय, लुगडं कुठलं नेसवायचं? हिरवं, की..." मामा जिन्याकडे तोंड करून उभा होता. इतकी वर्षं जे तू कुणालाच ठरवू दिलं नाहीस, ते आता माझ्यावर आलं होतं. मी म्हटलं, "हिरवं." काकींनी तुझी ओटी भरली. मामा हुंदके देऊन रडायला लागला.

आज ऑफिसात माझ्याबरोबर काम करणारी एक नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही मांडलेल्या नियमांच्या मॉडेलमध्ये गेलेलं मशीन कधी ना कधी परत येतंच. ते कायमचं गेलं, ही शक्यताच तुम्ही घेतली नाहीये." तिचं बरोबर होतं. ती शक्यता घालून तपासलं, तर काम दुसऱ्याला देऊनही त्या मशीनने आधी राखलेली पिशवी त्याच्या उत्तराशिवाय सुटत नव्हती, आणि एका पेशंटची मागणी तिथेच अडकून पडली होती. पडद्यावर तीच अवस्था पुन्हा पुन्हा येत राहिली. खरोखर असं झालं असतं, तर कुणाला तरी रक्त मिळालं नसतं. मशीन कायमचं गेलेलं असू शकतं, हे मी त्या भाषेत लिहिलं, वाट बघणं तिथे संपवलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

हे तुला पाठवायचं तरी कुठे? लिहून झालं की फाडून टाकीन. बाबांचं श्राद्ध मी अजून कुणाला करू देत नाही. मामाला वाटतं, तुझ्या शब्दासाठी. तसं नाहीये, आई. ते तिथे तुला भेटले असतील, तर तुझं वाट बघणं मिटलं असेल. मला मात्र ते कळायला नको आहे.