छाती दाबण्याची विद्या

केनवड, ६ मार्च १९७५
रोजनिशी, माफ कर. दोन महिने लिहिणे झाले नाही. तब्येत बरी होती, मग लिहायचे काय? पण आज पेपरात आले. नव्या संशोधनाप्रमाणे हृदय थांबले म्हणजे माणूस गेलाच असे नाही. छातीच्या मधल्या हाडावर दाबायचे, मध्ये तोंडाला तोंड लावून हवा फुंकायची. घरचे लोकही करू शकतात. माझा भाऊ नानाजी उगाच गेला. आम्ही त्याला नुसता कांदा हुंगवला.
संकल्प: घरच्यांना ट्रेनिंग देणे. पेशंट मी.

९ मार्च
ट्रेनिंग सुरू. खाटेवर छातीऐवजी खाटच दबते, म्हणून अंगणात निजलो. बायको दुर्गा म्हणाली, जित्तेपणी धड बोलले नाई, अन् आता मेल्यावर तोंडाले तोंड लाव म्हंतात. सून आत पळाली. मुलगा गोविंदा हसत हसत दाबत होता. बरगडी दुखते.

१४ मार्च, दुपार
गेलेला नानाजी आज पुन्हा दिसला, ओट्यावर बसला होता. छातीवर हात, नजर माझ्यावर. मी घाबरलो नाही. नाडी जरा पळत होती, इतकेच. दुर्गाला प्रॅक्टिस कर म्हटले. ती म्हणाली, तुमी मले मसनात पोचवल्याबिगर जात नाई.

२ एप्रिल
सकाळी दुर्गा ओले लुगडे तारेवर टाकत होती. तारेत करंट उतरला होता. गोविंदाने काठीने तार दूर केली. तिचा श्वास बंद. मला सगळे पाठ होते. पण शेजारच्या बाया जमल्या, मनकर्णाबाई तर अगदी पुढे. चारचौघांत बायकोच्या तोंडाला तोंड कसे लावायचे, हे पेपरात दिलेले नाही. मी आधी बायांना घरी जायला सांगत होतो. गोविंदा म्हणाला, बाबा, तुमीच शिकवलं ना, मंग काहून उभे हा? त्यानेच आईची छाती दाबली, फुंकले. ती खोकली.
ट्रेनिंग कोणाचे? माझेच.
गोविंदाने जीपमध्ये तिला वाशीमच्या दवाखान्यात नेले. सूनही गेली. मला जागा होती, पण घर कोणीतरी सांभाळायला हवे.

४ एप्रिल
निरोप नाही. वाशीमहून आलेल्या सगळ्या एसट्या पाहिल्या. आज नानाजी आत आला, खाटेच्या उशाशी बसला. चुलीपाशी बांगड्या वाजतात. उठून पाहतो, कोणी नाही. माझी छाती धडधडते आणि दाबायला घरात माणूस नाही.
मी कुठे चुकलो नाही. फक्त खोकल्यावर तिने आधी कोणाकडे पाहिले, ते मला दिसले नाही.
गोविंदा, कोणाच्याही हाती सांगून पाठव. आई माझ्याबद्दल काय बोलली ते राहू दे. ती आहे, एवढेच कळव. लवकर कळव बाबा.